१५ मिनिटांत ओके पीस किती?

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या मावसभावाकडून दर वर्षी बासमतीचं एक पोतं येतं, २५ किलोचं. ते खांद्यावर मारून वरच्या मजल्यावर नेणं हे लग्न झाल्यापासून माझं खातं. गेल्या फेब्रुवारीत अकराव्या पायरीवर दम संपला. पोतं पायरीवर टेकवलं आणि त्याच्या शेजारी मीही टेकलो. खालून बायकोचा आवाज आला, "अहो, राहू दे तिथंच. दोन पिशव्या करून नेऊया." ती सोयीचंच बोलली होती, पण मला झोंबलं.

त्याच महिन्यात रक्त तपासलं तर एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मी म्हटलं, डॉक्टर, मी रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जातो की. ते म्हणाले, चालणं सोडू नका, पण आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंनाही वजनाचं काम द्या. जेवणानंतरची साखर खाणारं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक तेच आहे. बीपी मोजलं, छातीची पट्टी (ईसीजी) काढली आणि व्यायामाला हरकत नाही म्हणाले.

आता माझी अडचण सांगतो. उद्यमबागेत एका मशिनशॉपमध्ये मी क्वालिटी बघतो. हायड्रॉलिकचे पार्ट, हातात मायक्रोमीटर आणि बोअर गेज. एक आठवडा ७ ते ३, दुसरा आठवडा ३ ते ११. घराजवळच्या एका जिममध्ये मी मागं वर्षाचे पैसे भरले होते आणि मोजून ११ दिवस गेलो होतो. जायला दहा मिनिटं, बेंच मोकळा व्हायला वीस, मग एक सेट मारून मोबाइल बघत बसायचं, पुन्हा एक सेट. दीड तास जायचा आणि त्यात खरं काम वीस मिनिटांचं. कारखान्यात मशिन असं रिकामं उभं राहिलं असतं तर मालकानं मला उभं केलं असतं.

हे मी पुण्यातल्या भाच्याला फोनवर सांगत होतो. तो हसला आणि म्हणाला, "मामा, मग तुम्हाला डेन्सिटी ट्रेनिंग पटणार." अमेरिकेतले प्रशिक्षक चार्ल्स स्टेली यांनी मांडलेली ही पद्धत. पूर्ण नाव एस्कलेटिंग डेन्सिटी ट्रेनिंग. नाव लांब, पण हिशेब आमच्या शॉपफ्लोअरचाच. एकमेकांच्या उलट काम करणारे दोन व्यायाम घ्यायचे, एक ढकलायचा आणि एक ओढायचा, नाहीतर एक हातांचा आणि एक पायांचा. वजन असं की जेमतेम दहा वेळा नीट उचलता येईल. पण दहा मारायचे नाहीत, पाचच मारायचे. पाच याचे, पाच त्याचे, पुन्हा पाच याचे. घड्याळावर १५ मिनिटं लावायची. शेवटी हात थकले की चार, मग तीन, मग दोन. वेळ संपली की दोन्हींची एकूण बेरीज वहीत. पुढच्या वेळी तेवढ्याच १५ मिनिटांत थोडे जास्त. पहिल्या बेरजेच्या २० टक्के वर गेलं की वजन ५ टक्क्यांनी वाढवायचं आणि पुन्हा नव्यानं सुरुवात. पाच मिनिटं थांबून दुसऱ्या जोडीची दुसरी १५ मिनिटं. आधी अंग गरम करायला पाच मिनिटं धरली तरी ४० मिनिटांत माणूस मोकळा.

जोडी कशासाठी, हे मला त्यानं समजावून सांगायला लागलंच नाही. आमच्याकडं एक ऑपरेटर समोरासमोरची दोन सीएनसी मशिनं (कॉम्प्युटरवर चालणारी) चालवतो. एकीचं कटिंग चालू असतं तेव्हा दुसरीतला जॉब काढून नवा लावतो. छाती आणि दंडाची मागची बाजू काम करते तेव्हा पाठ दम खाते, पाठ ओढते तेव्हा छाती. माणूस थांबत नाही, पण प्रत्येक मशिनला तिची विश्रांती मिळते. पाचच का, तेही कळलं. पहिल्याच सेटला पुरती दमछाक करून घेतली तर पुढची चौदा मिनिटं स्क्रॅप. टूल पहिल्या पीसलाच जाळायचं नसतं.

डंबेल घ्यायला निघालो होतो, पण कारखान्याच्या मागं ऑइलचे वीस लिटरचे रिकामे कॅन पडलेले असतात, चौकोनी, वर मूठ असलेले. एक मागून घेतला आणि सोड्यानं तीनदा धुतला. पाण्याचं बरं असतं, एक लिटर म्हणजे एक किलो, काट्याची गरज नाही. तरी मी काट्यावर ठेवलाच. रिकामा कॅन ९५० ग्रॅम. लिटरच्या मापानं पाणी ओतत गेलो आणि प्रत्येक लिटरला पेंट मार्करनं बाहेरून रेघ मारली, दर पाचव्या लिटरला लांब रेघ, पट्टीवर असते तशी. तेराव्या रेघेपर्यंत पाणी म्हणजे जवळपास १४ किलो. १४ चे ५ टक्के ७०० ग्रॅम. डंबेल घेतला असता तर पुढची उडी अडीच किलोची पडली असती. इथं मी ७०० मिली पाणी ओततो आणि वजन वाढवतो. माझ्या सगळ्या उद्योगातलं मला सर्वांत आवडतं ते हे.

बायकोला ते तितकं आवडलं नाही. आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाणी सुटलं की घागर, बादली, पातेली, जे हाताला लागेल ते भरायचं. त्यात नवऱ्यानं तेरा लिटर व्यायामाला अडवून ठेवलं. "पिता येत नाही, धुता येत नाही, नुसतं उचलून ठेवायचं. असलं पाणी कुणी साठवतं काय?" शेवटी तडजोड झाली. दर पाणी सुटायच्या दिवशी कॅनमधलं जुनं पाणी झाडांना, नवं कॅनमध्ये.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे टेरेसवर सुरुवात केली. पहिली जोडी म्हणजे जोर आणि कॅन ओढणं. जमिनीवर जोर मला दहा काय, सहाही येत नव्हते, म्हणून हात बाकावर ठेवून. मग एक गुडघा आणि एक हात बाकावर, दुसऱ्या हातानं कॅन जमिनीवरून बरगडीपर्यंत ओढायचा, पाच डावे, पाच उजवे, मोजायचे पाचच. पहिली पाच मिनिटं मला वाटलं, हे काय लहान पोरांचं! सातव्या मिनिटाला बनियन भिजलं. अकराव्या मिनिटाला तीनवर आलो. शेवटच्या मिनिटात एक जोर, एक ओढा. घंटी वाजली तेव्हा दोन्हींचे ४२. वीस टक्के वर म्हणजे ५०.४, अर्धवट जोर मोजत नाहीत, म्हणून ५१.

दुसरी जोडी, कॅन छातीशी कवटाळून बैठका आणि दहा लिटरचा दुसरा कॅन दोन्ही हातांनी डोक्यावर. या दुसऱ्या कॅनचं झाकण दुसऱ्याच दिवशी वरच्या वर सुटलं. साडेआठ लिटर पाणी थेट टाळूवर. शेजारच्या टेरेसवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी "आंघोळ झाली काय?" असं विचारलं, आणि त्यांच्या सुरात चेष्टा अजिबात नव्हती. त्याच दिवशी झाकणाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी अंग असं आंबलं की स्कूटरची किक मारताना डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या घरात थोरले चुलते असतात, आबा. ८१ वर्षांचे. तरुणपणी तालमीत होते, आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या केलेल्या. मातीचा वास आला तरी मान अजून ताठ होते. एका सकाळी काठी टेकत वर आले, खुर्चीत बसले आणि घड्याळाकडं बघत म्हणाले, "काय करुलालास बे? पाच मारून थांबतंय, पाच मारून थांबतंय. लाईट गेल्यागत."

मी सगळं समजावलं, जोडी, वेळ, बेरीज. ते म्हणाले, "म्हणजे जोर आणि बैठकच की." मग त्यांनी सांगितलं. तालमीत मेहनत करताना हिशेबासाठी कोनाड्यात खडे ठेवायचे, पन्नास जोराला एक खडा इकडून तिकडं. मध्ये बैठका मारायच्या, म्हणजे हाताला दम. बैठकांनी मांड्या भरल्या की पुन्हा जोर, म्हणजे मांड्यांना दम. "घड्याळ तेवढं नव्हतं. दूध काढायची वेळ झाली की सुटी." अमेरिकेतून पुणेमार्गे माझ्याकडं आलेलं शहाणपण घराच्याच कोनाड्यात खड्यांखाली होतं म्हणा. तरी एक फरक मला दिसतो. आबांची मेहनत वेळ वाढवून वाढायची. माझ्याकडं वाढवायला वेळच नाही, म्हणून तेवढ्याच वेळात काम वाढवायचं.

आबांनी एक चूक मात्र पहिल्याच दिवशी धरली. मी कॅन वर नेताना श्वास कोंडून धरत होतो. "तोंड बघ कसं जांभळं झालंय. जोर लागतो तेव्हा सोड श्वास." डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, कोंडलेल्या श्वासानं बीपी एकदम वर जातं आणि पन्नाशीकडं झुकलेल्या माणसानं तो खेळ करू नये.

पहिले चार आठवडे माझ्यासारखा सुखी माणूस बेळगावात नव्हता. ४२, ४५, ४८, ५१. वजन १४.७. पुन्हा ४६ वरून ५६. वही मी कारखान्याच्या इन्स्पेक्शन रिपोर्टसारखीच आखली होती, तारीख, जोडी, वजन, एकूण, शेरा. आकडा रोज वर. जेवताना मी आकडे सांगायचो आणि घरातले ताटाकडं बघायचे.

मग जे व्हायचं ते झालं. अठरा वर्षं मी लोकांना सांगत आलोय की शिफ्टला किती पीस काढलेस हे विचारू नकोस, ओके किती निघाले ते विचार. आणि मीच आकड्याच्या मागं लागून बैठका अर्ध्यावर आणल्या. मांडी जमिनीला समांतर व्हायच्या आत वर. जोर मारताना छाती बाकापासून वीतभर लांबूनच परत. कॅन ओढताना पाठ सरळ ठेवायची सोडून हिसका. त्या दिवशी बेरीज ५८ झाली, तोवरचा विक्रम. ५८ वा ओढा मारताना कमरेत अशी चमक भरली की कॅन तसाच सोडला आणि बाकावर आडवा झालो. घंटी वाजत राहिली. ती बंद करायलाही हात पोचेना.

आठ दिवस व्यायाम बंद. पायात मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता, म्हणून डॉक्टरांनी औषध देऊन हलकं चालत राहायला सांगितलं. कारखान्यात मी खुर्चीतून उठताना टेबल धरून उठतोय हे बैलहोंगलकडच्या आमच्या ऑपरेटरनं पाहिलं. "एनु माडकोंड्रि, सर?" काय करून घेतलंत, म्हणाला. त्याला मराठी समजतं, मला कन्नड समजतं, आम्ही दोघं आपापल्या भाषेत बोलतो आणि दहा वर्षांत कधी अडलं नाही. त्याच्या गावच्या जत्रेत संग्राणी कल्लू उचलायची पैज असते. गोल गुळगुळीत दगड, धरायला कुठंही मूठ नाही. त्यानं जेवणाच्या सुटीत एक रिकामा डबा घेऊन मला दाखवलं. पाय दगडाच्या दोन्ही बाजूंना, ढुंगण खाली, दगड आधी मांडीवर, मग पोटाशी, मग छातीशी. अंगापासून तसूभरही लांब नाही. "दूर होदरं सोंट होतु," म्हणाला. लांब गेला की कंबर गेली. मी कॅन जमिनीवरून उचलतानाच हातभर पुढून उचलत होतो, ही चूक मला महिनाभर दिसली नव्हती. १४ किलोचा कॅन हातभर पुढं धरला की कमरेला तो १४ चा राहत नाही, हे टॉर्क रेंच रोज वापरणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

पुन्हा सुरू केलं ते दोन लिटर कमी करून आणि गेज लावून. आमच्याकडं गो-नोगो गेज असतं. मापाचा आकडा वाचायचाच नाही, गो बाजू आत गेली आणि नोगो बाजू गेली नाही तर ओके, नाहीतर रिजेक्ट. तसंच इथं. बैठकीसाठी मागं प्लास्टिकचं छोटं स्टूल. ढुंगण त्याला टेकलं तरच बैठक. बसायचं नाही, टेकून उठायचं. जोरासाठी छातीखाली टेनिसचा बॉल. बॉलला छाती लागली तर मोजायचा. कॅन ओढताना कंबर वाकते की काय हे स्वतःला दिसत नाही, त्यासाठी इन्स्पेक्टर नेमला, थोरली मुलगी. ती पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (अकरावीला) आहे आणि पहाटे पुस्तक घेऊन टेरेसवर बसतेच. पुस्तकातून डोकं वर न काढता ती "रिजेक्ट!" म्हणून ओरडते. कसं दिसतं तिला, देव जाणे. वहीत एक रकाना वाढला. एकूण, त्यातले रिजेक्ट, ओके.

पहिल्या दिवशी ५२ पैकी ओके ३९. इतका राग आला होता! पण आकडे खरे होते. मागचे ५८ खरे किती होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

जूनमध्ये पाऊस लागला. बेळगावचा पाऊस लागला म्हणजे महिना-दीड महिना टेरेस विसरायचं. खाली जिन्याजवळ पत्र्याखाली मोटारसायकल बाहेर काढून जागा केली. हात ओले, कॅनची मूठ निसटते, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. जोर मात्र तिथं सुधारले. बाक खाली आणता येईना म्हणून मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर हात ठेवायला लागलो. ते जमल्यावर पहिल्या पायरीवर, मग पाटावर. जोराला पाणी ओतून वजन वाढवता येत नाही, पण हात जितके खाली तितकं अंगाचं वजन जास्त. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाटही काढला. जमिनीवर पाच जोर, छाती बॉलला लावून. आबा दारात उभे होते. "आता कुठं जोर म्हणायचे," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

कॅनचाही एक गुण सांगायला हवा. तेरा लिटरवर असताना आतलं पाणी हिंदकळायचं, मनगट ओढलं जायचं. पाणी वाढत गेलं तशी आतली मोकळी जागा कमी झाली आणि कॅन जड होऊनही शहाणा झाला.

गणपतीत खंड पडला. गल्लीचं मंडळ, वर्गणी, आरत्या, विसर्जनाची मिरवणूक. रात्री घरातून निघालो तो कपिलेश्वर तलावावरून दुसऱ्या दिवशी परत. सोळा दिवस कॅनला हात लावला नाही. वाटलं, सगळं गेलं. पहिल्या दिवशी ओके पाचच कमी भरले आणि आठवड्यात भरून निघाले. त्या आठवड्यात चुकून एक दिवसही सोडला नाही, हे खरं तर चुकलंच. तीनच दिवस करायचं असतं, मधला दिवस स्नायूंचा. रोज केलं म्हणून भरपाई झाल्यावर आकडा त्यापुढं वाढायचा थांबला.

दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात अजूनही गोंधळ होतो. अकराला सुटून, जेवून झोपायला एक वाजतो. सकाळी अंग उठत नाही. तेव्हा मी एकच जोडी करतो, १५ मिनिटं, आणि खाली येतो. पूर्ण नाही म्हणून सोडून द्यायची माझी जुनी सवय होती, त्यातच जिमचे अकरा दिवस गेले होते.

सप्टेंबरच्या तपासणीत एचबीएवनसी ५.८ आलं. त्यात कॅनचा वाटा किती आणि रात्रीचा भात अर्धा केल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि बायको भाताच्या बाजूनं आहे. दंड मोठे झाले असं कुणी म्हटलेलं नाही. स्कूटर डबल स्टँडवर घेताना आता कुणाला हाक मारत नाही, एवढं मात्र आहे.

सध्या कॅनची रेघ जवळजवळ सतराव्या लिटरला आहे, वजन १७ किलो ९०० ग्रॅम. या वजनाला सुरुवात ४३ नं झाली, म्हणजे गाठायचे ५२. काल घंटी वाजायच्या आत माझे ५२ पुरे झाले. मुलगी म्हणाली ५१, शेवटच्याला कोपर बरगडीपर्यंत आलंच नाही. मी म्हटलं आलं. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही ऑपरेटर, मी इन्स्पेक्टर. वहीत तिनं निळ्या पेनानं ५१ लिहिलंय. त्याच्या शेजारी मी पेन्सिलीनं ५२ लिहून प्रश्नचिन्ह टाकलंय. परवा पुन्हा त्याच वजनानं.